परत आलेल्यांची लढाई

या संग्रहात परमवीरचक्र मिळालेले कुणी नाही. वीरचक्रही नाही. यातले बहुतेक जण लढाईच्या काळात सैन्यातल्या साध्या कामांवर होते. कुणी ट्रक चालवत होते, कुणी सिग्नलमध्ये होते, कुणी जहाजाच्या इंजिनरूममध्ये, तर कुणी लांगरी म्हणून साऱ्या कंपनीच्या रोट्या भाजत होते. लढाई संपली, ते सुट्टीवर घरी आले, पुन्हा गेले, यथावकाश पेन्शनीत निघाले आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कांजूरमार्ग अशा ठिकाणी एक-दोन खोल्यांत संसार मांडून राहिले. बँकेत, कारखान्याच्या गेटवर, एखाद्या कॉलेजच्या ऑफिसात त्यांनी दुसरी नोकरी केली. बिल्डिंगमधली मुले त्यांना 'मिल्ट्रीवाले काका' म्हणत. त्यांच्याकडे कडक शिस्त आहे आणि कँटीनचे सामान येते, एवढे शेजाऱ्यांना ठाऊक असे. त्यापलीकडे कुणी फारसे विचारले नाही.

त्यांच्या मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी आणि काही ठिकाणी एकाच मजल्यावर राहणाऱ्या मित्रांनी आता ते विचारले आहे आणि लिहून काढले आहे. सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटले, म्हणून कुणाचेच नाव दिलेले नाही. या मजकुराकडे वाचकाने कोणत्या नजरेने पाहावे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. ती थोडी लांबली आहे, कारण युद्ध या विषयावर आपल्याकडे वाचायला पुष्कळ आहे आणि तरीही हा मजकूर कुठे ठेवायचा, ते आपल्याला चटकन कळत नाही.

मराठी वाचकाचे युद्धाचे वाचन थोडे नाही. वि. ग. कानिटकरांनी त्याला 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' दाखवला, व्हिएतनाम आणि इस्रायलच्या लढाया समजावून दिल्या. वि. स. वाळिंबे यांचा 'हिटलर' घराघरांत गेला. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना स्टालिनग्राडचा वेढा तपशीलवार माहीत होता. पण शेजारच्या बिल्डिंगमधले गृहस्थ कोहिमाच्या बाजूला होते की इटलीत, हे माहीत नव्हते. यात पुस्तकांचा दोष नाही. दूरचे युद्ध पुस्तकात बसते, कारण ते कुणीतरी आधीच सुरुवात-मध्य-शेवट लावून दिलेले असते. स्वयंपाकघरात चहा घेत बसलेल्या माणसाचे युद्ध तसे लावलेले नसते. ते त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी येते, कधी भलत्याच विषयातून येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

दुसरी अडचण आपल्या स्मरणाच्या सवयीची आहे. हौतात्म्य पत्करलेल्याचे स्मरण कसे करायचे, हे आपल्याला कळते. पार्ल्यात कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. सप्टेंबर १९९५मध्ये ते काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले. त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी पुढे 'वारस होऊ अभिमन्यूचे'सारखी पुस्तके लिहिली, आणि ज्या सैनिकांची नावे वर्तमानपत्रात एक दिवस येऊन जातात त्यांना मराठी घरांत जागा मिळवून दिली. आपला मुलगा गेल्यावर इतरांच्या मुलांविषयी लिहीत राहणे हे किती कठीण काम आहे, याची कल्पनाही मला नीट करता येत नाही. त्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याच उड्डाणपुलावरून रोज जाणारे, त्याच दऱ्याखोऱ्यांत दोन-तीन वर्षे काढून धडधाकट परत आलेले लोकही या उपनगरांत राहतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे लेखनाचा साचा नाही. शौर्यगाथा आहे, शोकगीत आहे; लढाईहून परतून तीस वर्षे सात-बावीसची लोकल पकडणाऱ्या माणसाविषयी कसे लिहायचे, हे ठरलेले नाही. हा संग्रह त्याच माणसांचा आहे.

गावाकडे ही पोकळी एवढी जाणवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला सारे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ आहे, आणि आजही घरटी कुणी ना कुणी सैन्यात असतो. तिथे म्हाताऱ्या सुभेदाराला कट्ट्यावर ऐकणारे मिळतात. ऐकणाऱ्यांतले निम्मे स्वतः पलटणीत जाऊन आलेले असतात. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या बावीस महार सैनिकांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि तेव्हापासून त्या समाजाने ती आठवण हातची जाऊ दिलेली नाही. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तीही बाबासाहेबांच्या आग्रहामुळे. सैनिकाची आठवण सार्वजनिकपणे जपायची चिकाटी महाराष्ट्रात कुणाकडून शिकायची असेल, तर माझ्या मते ती या समाजाकडून.

उपनगरांचे तसे नाही. अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची ही गावे १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुंबईच्या हद्दीत आली. आज इथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आजोबा इथले नव्हते. कुणी गिरगाव-परळच्या चाळींतून आले, कुणी साताऱ्या-कोल्हापुराहून, कुणी तळकोकणातून, कुणी फाळणीनंतर मुलुंडच्या छावणीत. प्रत्येक जण आपापली लढाई आपापल्या काळ्या ट्रंकेत घालून घेऊन आला. त्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवलेले असे. ती माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. शेजारच्या ब्लॉकमधली ट्रंक दुसऱ्याच लढाईची असायची. एकाच जिन्यावर बर्मा, कांगो आणि छांब एकत्र राहत होते आणि एकमेकांना फक्त दिवाळीच्या फराळापुरते ओळखत होते.

आता या बिल्डिंगी पाडल्या जात आहेत. पुनर्विकासाची नोटीस लागली की पहिल्यांदा माळे रिकामे होतात. पत्रे, डिस्चार्ज बुक, फोटो, उंदरांनी कुरतडलेला ओव्हरकोट, हे सगळे संक्रमण शिबिरातल्या किंवा भाड्याच्या छोट्या जागेत मावत नाही आणि भंगारवाल्याकडे जाते. या संग्रहातल्या काही नोंदी थेट त्या माळ्यांवरून उतरल्या आहेत. एका सुनेने सासऱ्यांची ट्रंक टेम्पोत चढवण्याआधी उघडली, म्हणून १९६५च्या सप्टेंबरातली अकरा पत्रे आपल्याला वाचायला मिळत आहेत.

ही पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्यावर गावाचे नाव नसते. नंबर, नाव, युनिट आणि खाली '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', बस. सैनिक कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून ही व्यवस्था. पण ते घरच्यांनाही कळत नसे. बायको वर्षानुवर्षे अशा पत्त्यावर पत्र टाकत राहायची ज्याला नकाशात जागा नाही. आलेल्या पत्रात 'मी इकडे खुशाल आहे' एवढेच असायचे आणि 'इकडे' म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नव्हती. पुढे नवरा परत आला, तरी तो प्रश्न मागेच राहून गेला. म्हणून या संग्रहातल्या कितीतरी नोंदी अगदी बाळबोध प्रश्नाने सुरू होतात: तुम्ही तेव्हा नक्की होतात कुठे? अनेक घरांत हा प्रश्न पन्नास वर्षांनी पहिल्यांदा विचारला गेला आहे, आणि ऐंशीच्या पुढच्या आजींनी उत्तर ऐकायला खुर्ची पुढे ओढून घेतली आहे.

पत्रांच्या बाबतीत इतिहासात एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचत आणि त्यांतले उतारे भाषांतर करून वर पाठवत. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली, पण ते उतारे दप्तरात राहिले. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतून निवडक उतारे पुस्तकरूपाने छापले. ज्यांनी संशयाने पत्रे वाचली त्यांच्यामुळे ती टिकली. ज्यांनी प्रेमाने वाचली त्यांच्या घरची पत्रे मात्र घर बदलताना गेली. १९६५ आणि १९७१च्या आपल्या पत्रांसाठी असे कुठलेही दप्तर नाही. जे आहे ते माळ्यावरच आहे.

आता माणसे बोलत का नाहीत, याविषयी. सैनिक गप्प राहतो तो दुःखामुळे, अशी आपली एक ठाम समजूत आहे. ते अनेकदा खरे असतेही. रात्री दचकून उठणारे, फटाक्यांचा आवाज सहन न होणारे, दसऱ्याला बळी देताना तिथून निघून जाणारे लोक या पानांत भेटतील. पण या नोंदी वाचत गेल्यावर मला गप्प राहण्याची इतर कारणेही दिसू लागली, आणि ती मला जास्त अस्वस्थ करतात, कारण त्यांना आपण जबाबदार आहोत.

कधी सरकारनेच तोंड बंद केलेले असते. १४ एप्रिल १९४४ला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. त्यांचे हादरे सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. ऐंशी हजारांच्या आसपास माणसे बेघर झाली. तरी ही बातमी जगाला पहिल्यांदा कळली ती जपानच्या ताब्यातल्या रेडिओ सायगाववरून, कारण इथे सेन्सॉर होता. ज्यांनी ती दुपार पाहिली त्यांना ती पेपरात दिसेना. मग जो तो आपल्या डोळ्यांवरच शंका घेऊ लागला. घाटकोपरच्या एका आजोबांनी, जे तेव्हा मशीद बंदरला हमालीवर होते, मुलाला हे सगळे सांगितले ते १९९०च्या सुमारास, आणि तेही 'खरं वाटत असेल तर ऐक' अशी सुरुवात करून.

कधी बोलणे धोक्याचे असते. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल स्कूलमधल्या नाविकांनी संप पुकारला. दोन-तीन दिवसांत तो मुंबईतल्या जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या तळांवर पसरला, कराचीपर्यंत गेला. शहरातले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला नाविकांनी माघार घेतली. त्यानंतर ज्यांना काढून टाकले त्यांच्यापैकी अनेकांनी पुढच्या नोकरीच्या अर्जात नौदलाची वर्षे लिहिलीच नाहीत. लिहिले असते तर विचारले असते, का सोडले? देश स्वतंत्र झाला तरी ही सावधगिरी अंगात मुरलेली राहिली. कुलाब्याला आज त्या उठावाचे स्मारक आहे. पण ज्यांनी आयुष्यभर ते झाकून ठेवले त्यांची मुले ते पाहायला जातात तेव्हा वडिलांचे नाव शोधायला त्यांच्याकडे कागद नसतो.

आणि कधी ऐकणाऱ्यांनाच ते युद्ध वाटत नाही. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना श्रीलंकेत होती. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तिथे कामी आले. पहिली मराठा म्हणजे जंगी पलटण आणि आठवी महार जाफन्याच्या मोहिमेत होत्या. आठव्या महारमध्ये असलेले, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ला तिथे पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. पण १९९०च्या मार्चमध्ये सैन्य परत आले तेव्हा गावोगाव कुणी स्वागताच्या कमानी उभारल्या नाहीत. बोरिवलीच्या एका निवृत्त हवालदारांनी सांगितलेला प्रसंग या संग्रहात आहे. ते सुट्टीवर आले तेव्हा मित्राने विचारले, 'तिकडे काय, शांतताच होती ना?' त्या प्रश्नानंतर त्यांनी तीस वर्षे तो विषय काढला नाही. आज हे लोक साठी-पासष्टीत आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखे भरपूर आहे आणि आपल्याकडे अजून वेळ आहे, म्हणून या संग्रहात त्यांना मुद्दाम जास्त पाने दिली.

तरीही या संग्रहाचा सर्वात मोठा भाग १९७१चा आहे, आणि तो तसा असणे साहजिक आहे. इतर युद्धे मुंबईने रेडिओवर ऐकली. १९७१चे युद्ध मुंबईतून लढले गेले. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. त्या सोव्हिएत बनावटीच्या होत्या, किनाऱ्याजवळ लढण्यासाठी बांधलेल्या. लांबच्या पल्ल्यासाठी त्यांच्यात तेवढे इंधन मावत नसे, म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना ओढून नेऊन पल्ला वाढवायचा, अशी युक्ती आधीच करून पाहिली होती. त्या रात्री 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली, 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौकाही बुडाली. ८ तारखेच्या रात्री 'विनाश' ही नौका गेली आणि कराचीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. ४ डिसेंबर हा तेव्हापासून नौदल दिन आहे.

याची दुसरी बाजू मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये होती. जहाजे दुरुस्त करून, इंजिने तपासून, वेळेवर समुद्रात सोडणारे डॉकयार्डचे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन भांडुप, मुलुंड, कळवा, डोंबिवलीला राहत. त्या डिसेंबरात ते दोन-दोन, तीन-तीन दिवस घरी आले नाहीत. गणवेश नसल्यामुळे कुणी त्यांना माजी सैनिक म्हणत नाही. त्यांच्या चार नोंदी या संग्रहात आहेत. त्या संग्रहात घ्याव्यात की नाही, यावर आमच्यात वाद झाला. मी घ्याव्यात या बाजूचा होतो आणि आजही आहे. ज्या माणसाने अंधारात, हातबत्तीच्या उजेडात पंप जोडला आणि तो पंप घेऊन जहाज गेले, त्याची ती लढाईच होती.

९ डिसेंबरला रात्री दीवजवळ 'खुकरी' बुडाली. 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, ६७ वाचले. दीवला समुद्राकडे तोंड करून त्यांचे स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ साली या घटनेवर पुस्तक लिहिले ते मुद्दाम वाचलेल्यांच्या तोंडून. वाचलेल्यांना विचारावे लागते, आणि विचारल्यावर ते सांगतात, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले. आमच्या संग्रहाला त्याचा मोठा आधार वाटला.

'खुकरी' मुंबईहून निघाली होती. नौदलाच्या वसाहतींत, कुलाब्याला आणि उपनगरांत भाड्याने राहणाऱ्या नाविकांच्या घरी त्या आठवड्यात काय चालले होते, ते या संग्रहातल्या स्त्रियांच्या नोंदींतून कळते. खिडक्यांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, भोंगा झाला की मुलांना घेऊन जिन्याखाली. ही ब्लॅकआउटची वर्णने मुंबईकरांनी पुष्कळ सांगितली आहेत, आणि त्यांत थोडी मजाही असते, कारण मुलांना ती मजाच वाटली होती. पण ज्या घरातला माणूस जहाजावर होता त्या घरच्या आठवणीत मजा नाही. एका बाईंनी सांगितले आहे की १० तारखेनंतर तारवाल्याची सायकल चाळीच्या दाराशी थांबली की सगळ्या नेव्हीवाल्यांच्या बायका आपापल्या दारात उभ्या राहत आणि कुणी कुणाशी बोलत नसे. त्यांचे यजमान दुसऱ्या जहाजावर होते. ते परत आले. ज्या शेजारणीकडे तार आली, तिच्याशी पुढे कसे बोलायचे हे त्यांना अनेक वर्षे कळले नाही. परत आलेल्याच्या घरालाही असे ओझे वाहावे लागते, हे मी या नोंदीतून शिकलो.

पूर्वेकडच्या आघाडीवरच्या नोंदीही आहेत. जमालपूरच्या लढाईत भारतीय ब्रिगेडियरने शरण येण्याचे पत्र पाठवले आणि पलीकडच्या कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली, ही गोष्ट इतिहासात प्रसिद्ध आहे. जंगी पलटणीने १० आणि ११ डिसेंबरच्या रात्री तिथली वाट अडवून धरली होती. तिथे असलेल्या एका जवानाला आम्ही त्या पत्राबद्दल विचारले. त्यांना ते पत्र माहीत नव्हते. ते त्यांनी पुढे कधीतरी ऐकले. त्यांना आठवत होती ती भाताची ओली शेते, बूट काढायला न मिळालेले दिवस, आणि एका बंगाली म्हाताऱ्याने केळीच्या पानावर दिलेला गरम भात. इतिहासकाराला यात काही मिळणार नाही, असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. युद्ध लढणारा माणूस ते जेवढे पाहतो तेवढ्याच आकारात ते त्याच्याकडून घ्यावे. त्याच्या भाताला रणनीतीची फोडणी देऊ नये.

म्हणूनच ऐकण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द. 'तुम्ही किती जणांना मारलं?' हा प्रश्न मुले विचारतात आणि मोठ्यांच्याही मनात असतो. तो विचारू नये. त्या प्रश्नानंतर माणूस मिटतो. खायला काय होते, झोपायचात कुठे, पायांना काय झाले, पहिली सुट्टी कधी मिळाली, घरी आल्यावर पहिल्यांदा काय केले, हे विचारावे. शक्करपाऱ्यांचे नाव काढले की १९६५चे अनेक जण खुलतात. पदके पुढे ठेवावीत. समर सेवा स्टार असेल तर १९६५; पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल तर १९७१, आणि कोणती आघाडी तेही कळते. बर्मा स्टार, इटली स्टार, आफ्रिका स्टार आजोबांच्या डब्यात सापडले तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेले आहे का, ते भिंगातून पाहावे. डिस्चार्ज बुकात युनिट मिळते. युनिट मिळाले की पुष्कळ दारे उघडतात. महायुद्धांत गेलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत घरबसल्या शोधता येतात. मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना थडगे नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांना आपला पणजोबा असा गेला हे माहीत असते, पण ते स्मारक लोकलच्या एका स्टेशनावर आहे हे माहीत नसते.

पत्नी जवळ असू द्यावी. तारखा तिला जास्त आठवतात, कारण तिने त्या मोजल्या होत्या.

स्मरणात चुका असतात, आणि सिनेमाही असतो. १९९७ साली 'बॉर्डर' आला आणि तेव्हापासून १९७१विषयी बोलणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात थोडे वाळवंट शिरले. पूर्व आघाडीवर असलेल्या एका काकांनी रणगाड्यांचे जे वर्णन केले ते आम्हाला चित्रपटातलेच वाटले. आम्ही ते तसेच ठेवले आणि खाली तळटीप दिली. तारीख चुकली असेल, डोंगराचे नाव बदलले असेल, तर तळटीप पुरते. वाक्य बदलायचे नाही, एवढा नियम आम्ही पाळला. चुकीच्या आठवणीतही माणूस कशाला धरून राहिला आहे, ते दिसते. उलट नको तितकी अचूक आठवणही कधी घात करते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथीदार ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून भिंत फोडून निसटले, अफगाण सरहद्दीच्या जवळ पोचले आणि लंडी कोतलला त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते रेल्वे स्टेशन होते. प्रत्यक्षात ते १९३२मध्येच बंद झाले होते. त्या एका नावावरून संशय आला आणि ते पकडले गेले. परुळकरांनी ही हकिगत पुढे मोकळेपणाने सांगितली. एवढे मोठे साहस असले की सांगायला सोपे जाते, असे मला वाटते. त्याच छावणीत मागे राहिलेल्यांचे दिवस कसे गेले, हे सांगणे अवघड.

सगळ्यात जुन्या नोंदी दुसऱ्या महायुद्धाच्या आहेत आणि त्या सर्व नातवंडांनी लिहिल्या आहेत. सांगणारे आता नाहीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. घाडगे बावीस वर्षांचे होते. त्याच खोऱ्यातून चालत गेलेले, त्याच वयाचे कितीतरी मराठे परत आले. मुलुंडच्या एका नातीने लिहिले आहे की तिचे आजोबा चाळीतल्या पोरांना दहापर्यंत आकडे इटालियनमध्ये म्हणून दाखवत. ते कुणाकडून शिकले, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि कुणी विचारले नाही.

या संग्रहात जे नाही तेही सांगायला हवे. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची एकही नोंद मिळाली नाही. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या परिचारिका उपनगरांत आहेत, पण आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो नाही. १९६२नंतर आणीबाणीच्या कमिशनवर गेलेले आणि पाच-सहा वर्षांत परतून बँकांत लागलेले अधिकारी आम्हाला दोनच मिळाले. ते पुष्कळ असले पाहिजेत. कारगिलच्या लोकांनी अजून बोलायची तयारी दाखवलेली नाही आणि त्यांना घाई करणे बरोबर नाही. नोंदींची भाषा बोलणाऱ्यांची आहे. त्यात हिंदी आहे, पलटणीतली हिंदी आहे, कोकणी हेल आहे, साताऱ्याचा ठसका आहे. शुद्धलेखनापलीकडे आम्ही तिला हात लावलेला नाही.

दुसऱ्या भागाचे काम सुरू झाले आहे. ज्यांच्या घरी किंवा जिन्यावर अशी माणसे आहेत, त्यांना एकच सुचवतो. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो अंगठा उमटवून ऑनलाइनही देता येतो, आणि आपण तो घरीच उरकून टाकतो. त्याऐवजी एकदा त्यांना बँकेत घेऊन जा. तिथे त्यांच्या पलटणीचा नाही, तरी त्यांच्या लढाईचा कुणीतरी रांगेत उभा असतो. दोघे बोलू लागले की मध्ये पडू नका, आणि जवळ वही ठेवा.